टेबलटॉप फँटसी खेळात कौशल्य खरं वाटेल असं कसं वाढवावं

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र वठवत खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले दोन तक्ते शेजारी ठेवून पाहा. कुठल्या लेव्हलला (पात्राच्या ताकदीच्या टप्प्याला) एकूण किती एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात ते पहिल्या तक्त्यात आहे: दुसऱ्या लेव्हलला ३००, पाचव्या लेव्हलला ६,५००, विसाव्या लेव्हलला ३,५५,०००. एका पात्राला एका दिवसात साधारण किती एक्सपीच्या लढाया झेपतात ते दुसऱ्यात आहे: पहिल्या लेव्हलला ३००, पाचव्या लेव्हलला ३,५००, दहाव्या लेव्हलला ९,०००. भागाकार करत वर गेलं की पहिल्यापासून विसाव्या लेव्हलपर्यंतचा प्रवास खेळातल्या जेमतेम ३३ ते ३५ दिवसांत संपतो. म्हणजे पौर्णिमेला घर सोडून निघालेला पोरगा पुढच्या पौर्णिमेनंतर चार दिवसांनी जगातल्या सर्वात थोर योद्ध्यांपैकी एक झालेला असतो.

हे खटकलं की काही टेबलांवर, म्हणजे खेळणाऱ्या गटांत, एक्सपी निम्मे केले जातात. त्याने खेळ लांबतो, पण वाढ काही पटत नाही. गॉब्लिन नावाचे छोटे राक्षस मारून मारून त्या पात्राचं इतिहासाचं ज्ञान आणि घोडेस्वारी एकदम वाढते, हा मूळ दोष तसाच राहतो. आधी एका आठवड्यात वाढायचं, आता दोन आठवड्यांत वाढतं, इतकाच फरक.

माझं म्हणणं असं की वाढीचा वेग हा दुय्यम मुद्दा आहे. पात्राने काय केलं म्हणून हे कौशल्य वाढलं, कुणाकडून शिकलं आणि त्याला किती दिवस लागले, या तीन प्रश्नांची उत्तरं टेबलावरच्या प्रत्येकाला देता आली की वाढ खरी वाटते. पुढची पद्धत पाचव्या आवृत्तीवर बसवलेली आहे, पण तिचा सांगाडा कुठल्याही खेळाला चालेल.

आधी, ज्या खेळांनी हे सोडवलंय त्यांच्याकडे बघू

१९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये लेव्हलच नव्हती. कौशल्यं टक्क्यांत मोजायची. जिवावर बेतलेल्या प्रसंगी एखादं कौशल्य यशस्वीपणे वापरलं की त्यापुढे खूण करायची आणि साहस संपलं की शंभराचा फासा टाकायचा. तो सध्याच्या टक्केवारीच्या वर पडला तरच कौशल्य वाढायचं. ३० टक्केवाल्याला वाढीची संधी साधारण ७० टक्के, ८० टक्केवाल्याला २० टक्के. नवशिका भराभर शिकतो आणि मुरलेल्याला तसूभर पुढे जायलाही कष्ट पडतात, ही सगळी गोष्ट त्या एका फाशात आली. या छंदात इतका सुंदर नियम क्वचितच सापडतो.

१९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये साधारण वर्षाला एक साहस असतं आणि मग हिवाळा येतो. वर्षभरातल्या खुणांचे फासे हिवाळ्यात टाकायचे, जमीनजुमला बघायचा, लग्न, मुलंबाळं. पस्तिशीनंतर वयाचे फासेही सुरू होतात. ‘आर्स मॅजिका’ने १९८७ मध्ये हंगाम हेच चलन केलं: मांत्रिकाने हा हंगाम पुस्तक वाचण्यात घालवायचा, शिष्याला शिकवण्यात की प्रयोगशाळेत? तिथली शागिर्दीच १५ वर्षांची असते. ‘गर्प्स’ने तासांचा हिशोब मांडला. गुरूपाशी २०० तास शिकलं की एक गुण. नोकरीत तेच काम करत राहिलात तर ते तास पावपट धरायचे, म्हणजे तोच गुण मिळवायला ८०० तास.

हा पावपटीचा नियम मला फार मोलाचा वाटतो. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी १०,००० तासांच्या घरात होता. तो आकडा पुढे खूप गाजला, पण त्यातला ‘एकट्याने केलेला सराव’ हा भाग मागे पडला. गवय्या मैफलीत कमावलेलं वापरतो, कमावतो ते घरच्या रियाजात. आपल्या खेळात साहस ही मैफल आहे आणि रियाजाला पाचव्या आवृत्तीत फारशी जागाच नाही.

पायरी १: लेव्हल आणि कौशल्य वेगळे करा

लेव्हलला हात लावू नका. हिट पॉइंट (पात्राला किती मार झेपतो), हल्ल्याचा बोनस, मंत्रांच्या जागा (किती मंत्र टाकता येतात), सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायचा फासा) हे सगळं आहे तसंच राहू द्या. त्यावर खेळाचा तोल उभा आहे आणि तिथे वास्तव शोधायला गेलं की सगळंच कोसळतं. हिट पॉइंटमध्ये शरीराबरोबर कसब आणि नशीबही धरलेलं आहे, हे १९७९ च्या डंजन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकातच स्पष्ट केलेलं आहे.

वेगळं काढायचं ते फक्त स्किल, म्हणजे कौशल्यं, आणि अवजारांचं प्रावीण्य. एरवी त्यांना लेव्हलनुसार +२ ते +६ असा प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे फाशात मिळवायचा प्रावीण्याचा आकडा, आपोआप मिळतो. त्याऐवजी प्रत्येक कौशल्याला स्वतःचा ‘सराव बोनस’ द्या. पात्र तयार करताना ज्यात प्रावीण्य आहे ते +२ ने सुरू होईल, बाकी सगळी शून्याने. कमाल +६. ‘रोग’ (Rogue), म्हणजे चोर-भामटा, या वर्गाच्या पात्राला एक्स्पर्टिझमुळे, म्हणजे खास तज्ज्ञतेमुळे, मिळणारी दुप्पट तशीच ठेवा. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदावर, कौशल्याच्या नावापुढे एक चौकोन आखून घ्या, खूण करायला.

पायरी २: खेळाला कॅलेंडर द्या

ही पायरी गाळली तर बाकीच्यांचा उपयोग नाही. बारा महिन्यांचा साधा तक्ता करा आणि तो टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. प्रवासाचे दिवस त्यावर खोडत चला. तीन महिने म्हणजे एक हंगाम. प्रत्येक हंगामात फार तर एक मोठं साहस, बाकीचे आठवडे मोकळे.

डंजन मास्टरला हे अवघड जातं, कारण कथेत सतत घाई असते: परवा ग्रहण आहे, राजकन्येला पळवलंय, सैन्य वेशीपाशी आलंय. घाई जरूर असावी, पण एक प्रसंग संपल्यावर दुसरा लगेच दारात उभा करू नका. घाट बंद होऊ द्या, नद्यांना पूर येऊ द्या, जखमी सोबत्याचा पाय बरा व्हायला सहा आठवडे लागू द्या. ज्या जगात पावसाळा आणि हिवाळा असतो, तिथे माणसं आपोआप थांबतात. सैन्यंसुद्धा थांबायची. मोकळ्या आठवड्यांचा दुसरा फायदा असा की शत्रूलाही तेवढा वेळ मिळतो आणि जग खेळाडूंच्या पाठीमागे हलत राहतं.

पायरी ३: खूण कधी करायची

इथे थोडं थांबतो, कारण सगळे वाद इथेच होतात.

‘रूनक्वेस्ट’ यशानंतर खूण देतो. २०१२ चा ‘डंजन वर्ल्ड’ उलट करतो, तिथे फासा फसला की एक्सपी मिळतो. ‘बर्निंग व्हील’मध्ये जिंकण्या-हरण्यापेक्षा काम किती अवघड होतं ते मोजतात. मला तिसरी वाट पटते, पण तिला एक अट जोडायला हवी.

माणूस कुठे शिकतो? जे डाव्या हाताचा मळ आहे तिथे नाही आणि जे पूर्ण आवाक्याबाहेर आहे तिथेही नाही. अवघड पण जमण्यासारखं काम असेल तिथे शिकतो. म्हणून खुणेसाठी पहिली अट: वीस बाजूंच्या फाशावर यशासाठी ८ ते १७ च्या दरम्यानचा आकडा लागायला हवा. त्याहून सोपं असेल तर रोजचं काम, त्याहून अवघड असेल तर नशीब.

दुसरी अट: चुकलं तर किंमत मोजावी लागली असती. गावातल्या बंद तबेल्याचं कुलूप दिवसभर खटपट करून उघडणं यात बसत नाही, कारण तिथे चुकल्याने काहीच बिघडत नाही.

तिसरी अट सर्वात महत्त्वाची: काय चुकलं किंवा काय जमलं ते पात्राला कळायला हवं. नुसत्या अपयशाने कुणी शहाणं होत नाही. समजा, एका पात्राने दरबारात मंत्र्याचं मन वळवायचा प्रयत्न केला, मंत्री हसून निघून गेला आणि पुढे काहीच झालं नाही. यातून पात्र काय शिकलं? काहीच नाही. पण रात्री मंत्र्याच्या लेखनिकाने सांगितलं की ‘तुम्ही त्यांच्या भावाचं नाव काढलंत तिथेच बिनसलं’, तर त्या क्षणी खूण द्या. पर्सेप्शन (आजूबाजूचं टिपणं) आणि इन्साइट (माणसं ओळखणं) या कौशल्यांत हे विशेष जपावं लागतं. समोरचा खोटं बोलत होता हे ज्याला कधी कळलंच नाही, त्याची माणसं ओळखण्याची नजर त्या प्रसंगाने तीक्ष्ण झालेली नाही. तीन सेशननंतर ते खोटं उघडं पडलं तर खूण तेव्हा द्या. खेळाडू जुने प्रसंग आठवून बोलू लागतात, ‘म्हणजे तो तेव्हा डोळे चुकवत होता ते यासाठी!’ ही या नियमाची मोठी कमाई आहे.

एका कौशल्याला हंगामात एकच खूण, मग ते कितीही वेळा वापरलेलं असो.

पायरी ४: हंगामाअखेरचा फासा

हंगाम संपला की खेळाडूने खुणा असलेल्या कौशल्यांपैकी फार तर दोन निवडायची आणि प्रत्येकासाठी वीसचा फासा टाकायचा. ८ अधिक सध्याच्या सराव बोनसची दुप्पट, एवढ्या आकड्याच्या वर फासा पडला तर बोनस एकने वाढतो. सराव बोनस शून्य असेल तर ९ किंवा जास्त हवा, म्हणजे संधी ६० टक्के. पुढे ती ५०, ४०, ३०, २० अशी उतरत जाते आणि +५ वरून +६ ला जाताना १० टक्के उरते. +६ च्या पुढे २० पेक्षा जास्त हवे असतात, म्हणून वाढ आपोआप थांबते, वेगळी मर्यादा घालावी लागत नाही.

याचा ताळा करून पाहू. शून्यापासून +६ पर्यंत जायला सरासरी २४ ते २५ फासे लागतात. हंगामाला एक फासा धरला तर सुमारे सहा वर्षं. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कारागिराच्या शागिर्दीला किमान सात वर्षं ठरवून दिली होती. आपला आकडा त्याच्या जवळ जातो, पण सगळी वर्षं सारखी जात नाहीत. पहिले दोन अंक वर्षभरात येतात, शेवटचे दोन पावणेचार वर्षं खातात.

दोनच कौशल्यं का निवडायची? खुणांवर बंधन नसलं की खेळाडू खुणा गोळा करत सुटतात. ‘रूनक्वेस्ट’च्या टेबलांवर लोक एकाच लढाईत शस्त्रं बदलत बसायचे, प्रत्येकापुढे खूण पडावी म्हणून. दोनची मर्यादा घातली की ती हाव आपोआप मावळते आणि खेळाडूला ठरवावं लागतं की आपल्या पात्राला कोण व्हायचंय.

पायरी ५: रियाज आणि गुरू

या दोन ‘अनुभवाच्या फाशां’शिवाय हंगामात एक ‘रियाजाचा फासा’ मिळतो. त्यासाठी सलग सहा आठवडे मोकळे हवेत आणि पात्र एका जागी हवं. याला खूण लागत नाही, त्यामुळे अगदी नवीन कौशल्यही इथूनच सुरू होतं. मात्र ज्या कौशल्याला अनुभवाचा फासा टाकला त्याला त्याच हंगामात रियाजाचा टाकता येत नाही.

गुरू असेल तर रियाजाच्या फाशात २ मिळवा. अट एवढीच की गुरूचा सराव बोनस शिष्यापेक्षा किमान दोनने जास्त असावा. या छोट्या अटीतून खूप काही निघतं. गावचा लोहार तुम्हाला काही अंतरापर्यंतच नेऊ शकतो, त्यापुढचा उस्ताद शहरात असतो, त्याच्याही पुढचा कदाचित शत्रूच्या राज्यात. शेवटच्या अंकासाठी तर गुरूच नाही, कारण +७ चा माणूस जगात नाही. तो अंक एकट्यानेच कमवायचा. बाकी सर्व टप्प्यांवर गुरू लाभला तर एकूण २५ ऐवजी सुमारे २१ हंगाम लागतात.

गुरूदक्षिणा काय घ्यायची? १९७९ च्या नियमांत लेव्हल वाढवायला आठवड्याला लेव्हलगणिक १,५०० सोन्याची नाणी मोजावी लागत. तो खजिना रिकामा करण्याचा उपाय होता आणि आज तो उगाच जाचक वाटतो. पैशापेक्षा काम मागा. दोन महिने भट्टी फुंकणं, एक हरवलेली पोथी आणून देणं, गुरूच्या नाठाळ मुलाला सोबत नेणं. पुढची चार साहसं यातून मिळतात.

नवीन भाषेचं पण बघा. २०१४ च्या पुस्तकात त्याला २५० दिवस आणि रोज एक सोन्याचं नाणं लागायचं. २०१७ च्या पुरवणीत ते दहा आठवड्यांवर आलं, त्यातूनही बुद्धीचा बोनस वजा. माझा कौल जुन्या २५० दिवसांना. मंत्र उतरवून घेण्याला मंत्राच्या पातळीगणिक दोन तास आणि ५० नाणी हा मूळ नियम आहे, तो तसाच ठेवा. तिथे जादू चालू आहे, आणि जादूला वेगळा काळ शोभतो.

पायरी ६: पठार

तार खात्यातले शिकाऊ लोक मोर्स संदेश ऐकून उतरवायला कसे शिकतात, याचा आलेख ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ मध्ये काढला होता. वेग वाढत जातो, मग कित्येक आठवडे तिथेच अडकतो आणि नंतर पुन्हा उसळतो. एकेक अक्षर ऐकणारा माणूस आख्खे शब्द ऐकायला लागतो तेव्हा ती उसळी येते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे यावर वादही झाले, पण वाद्य शिकलेल्या कुणालाही असा थांबा ओळखीचा असतो.

खेळात हे आणायला एकच दार ठेवा: +३ वरून +४ ला जाताना. इथे नुसता फासा पुरत नाही. पात्राला काम करण्याची नवी रीत भेटलेली असावी. वेगळ्या घराण्याचा गुरू, परमुलखातलं तंत्र, उस्तादाची जुनी वही, हरवणाऱ्या शत्रूची चाल. ती रीत कुठली हे खेळाडूने सुचवायचं आणि तुम्ही ती जगात कुठेतरी ठेवायची. एकापेक्षा जास्त दारं ठेवू नका, कंटाळा येतो.

पायरी ७: गंज

वापर नसला तर कौशल्य उतरतं, पण सगळी सारखी उतरत नाहीत. पोहणं, दोरावर चढणं ही शरीरात बसलेली कामं वर्षानुवर्षं टिकतात. नावं, तारखा, मंत्रपाठ लवकर सुटतात. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात एक दिलासाही सापडला: विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

म्हणून मिळवलेला अंक कधीच काढून घेऊ नका. वर्षभर न वापरलेल्या ज्ञानाच्या कौशल्याला -२, शरीराच्या कौशल्याला -१ असा तात्पुरता गंज द्या. दोन आठवड्यांची उजळणी केली की तो जातो. खेळाडूला हा नियम शिक्षेसारखा वाटू लागला तर बिनदिक्कत सोडून द्या, पद्धतीचं काही अडत नाही.

एक हंगाम खेळून पाहू

केतकी नावाचं पात्र घ्या. कुलपं उघडण्याच्या अवजारांत तिचा सराव बोनस +३ आहे. हंगामाच्या साहसात तीन कुलपं आली. पहिलं सराईच्या कोठाराचं, फाशावर ५ पुरत होते, खूण नाही. दुसरं तळघरातल्या लोखंडी दाराचं, १३ हवे होते, मागून पहारेकरी येत होते. फासा फसला, सळई आत तुटली, पण कुलपात उलट्या दिशेने दाबणारी दुसरी खिट्टी आहे हे तिला बोटांना कळलं. खूण. तिसरं उघडलं, पण खूण आधीच झालेली.

आता ती पठारावर आहे. अनुभवाचा फासा टाकता आला असता, पण नवी रीत भेटलेली नाही. केतकीचा खेळाडू म्हणतो, उलट खिट्टीची कुलपं बनवणारी बटूंची (ड्वार्फ, म्हणजे बुटक्या लोकांची) वसाहत उत्तरेला आहे असं आपण मागे ऐकलं होतं. तुम्ही तिथे एक म्हातारी कुलूपकारीण ठेवता, सराव बोनस +५. ती आठ आठवडे शिकवायला तयार होते, पण बदल्यात तिला शहराच्या तिजोरीचं बंद पडलेलं कुलूप हवंय, चोरून नव्हे, रीतसर विकत घेऊन. पात्रांचा गट त्यात पंधरा दिवस घालवतो. मग रियाजाचा फासा: १४ च्या वर हवेत. पडतात १३, गुरूचे २ मिळून १५. केतकी +४ वर जाते, आणि टेबलावरच्या कुणालाही विचारलं तरी ती का वर गेली ते सांगता येतं.

फासा ११ पडला असता तर? हंगाम वाया गेला असता, पण नवी रीत तिच्याकडे राहिली असती. दार एकदा उघडलं की उघडंच.

कुठे वापरू नये

ज्या कँपेनची, म्हणजे त्याच पात्रांच्या सलग साहसमालिकेची, सगळी कथा दोन महिन्यांत घडते तिथे ही पद्धत बसत नाही. तिथे हंगामाऐवजी पंधरवडा धरा, किंवा १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ची वाट घ्या: पात्राने खेळ सुरू होण्याआधीच चार-चार वर्षांच्या नोकऱ्या केलेल्या असतात, तिथेच ते कसब कमावतं आणि खेळताना जवळजवळ वाढत नाही. चाळिशीचं, मुरलेलं पात्र पहिल्याच सेशनला टेबलावर येतं. तेही तितकंच खरं वाटतं.

चालू कँपेनमध्ये नियम आणायचा असेल तर सध्याचा प्रोफिशियन्सी बोनस हाच सराव बोनस धरून पुढे जा, कुणाचंही काही कमी करू नका. पहिल्या हंगामात फक्त खुणा आणि अनुभवाचे फासे चालवा. रियाज आणि गुरू दुसऱ्या हंगामात आणा, पठार तिसऱ्यात. तोवर कॅलेंडरची सवय झालेली असते आणि साहस संपताच खेळाडूच विचारतात की पुढचं बोलावणं यायला किती आठवडे आहेत.